अब्बांचे पेन

माझे अब्बा कातारी. पलंगाचे खूर, पाळण्याचे दांडे, लाटणी असे काय काय त्यांनी लेथवर कातले. वय झाले तसे जड काम सुटले. मग ते उरलेल्या शिसवी तुकड्यांची पेने करू लागले. तुकड्याला मधोमध भोक पाडायचे, त्यात पितळी नळी बसवायची, लाकूड गोल कातायचे आणि वर चपडीचे पॉलिश द्यायचे.

मी बी.एड. होऊन शाळेत लागले, तेव्हा भर पावसाळ्यात अब्बांनी मला असेच एक पेन दिले.

“चकाकी कशी आली?” त्यांनी विचारले.

पेनावर पांढुरके ढग दिसत होते. धुळीचे कणही चिकटले होते. पण अब्बांची नजर अधू झाली होती. मी म्हटले, “अगदी आरशासारखी!”

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “टीचर, तुमच्या पेनाला बुरशी आली का?” सारा वर्ग हसला. मीही हसले, पण पेन पर्समध्ये गेले ते आठवडाभर बाहेर आले नाही.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते. पेन मेजावर ठेवले, तोच अब्बा म्हणाले, “हा आवाज तर प्लास्टिकचा!”

मग सांगावेच लागले. अब्बा रागावले, पण डागांवर नाही. “बेटी, डाग काढता येतो. तू बोललीच नाहीस. तुझ्या भरवशावर मी तशीच आणखी चार पेनं लोकांना दिली!”

मला मान वर करवेना.

पुढे चांगले ऊन पडले, तेव्हा आम्ही कामाला बसलो. चपडी म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे ती तयार करतात. ती स्पिरिटमध्ये विरघळवली की पॉलिश होते. दमट हवेत स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि पॉलिश पांढरे पडते. हे सारे अब्बांनी पुस्तक न वाचता सांगितले.

झिजलेल्या पॉलिश पेपरवर अळशीच्या तेलाचा थेंब घेऊन त्यांनी आधी कण घासले. मग कापसाची पुरचुंडी स्पिरिटमध्ये जेमतेम भिजवून फिरत्या पेनावरून अलगद नेली. “कापड बोटाला गुंडाळायचं नाही हं, यंत्र बोट ओढून घेतं.” ढग विरले. वर चपडीचा पातळ हात दिला. स्पिरिटने जुना थर मऊ होतो आणि नवा त्यात मिसळून जातो. जोड दिसत नाही.

“आता खरं सांग.”

“टोकापासून दोन बोटं वर एक गोल चरा आहे.”

“तो लाकडातला. सगळं पॉलिश उतरवावं लागेल. मग यंत्र थांबवून लांबीच्या दिशेने घासायचं.”

“मग राहू द्यायचा का?”

“राहू कशाला? स्पिरिटची बाटली आण. आणि त्या चार पेनांचीही आठवण ठेव.”