पायडल आपले, बळ त्याचे



गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा आजाऱ्यांच्या घरभेटी सोडाव्यात असे मनात आले. मग मुलाने इलेक्ट्रिक सायकल आणली. २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, म्हणून परवाना नको. नवख्याने आधी मोकळ्या मैदानात, सर्वांत कमी जोरावर चालवावी. ती साध्या सायकलीहून जड असते. ब्रेक जरा आधीच लावावा.

माझ्या सायकलीची मोटर पायडल मारल्यावरच जोर देते. कृपाही आपले पाय काढून घेत नाही, त्यांना बळ देते. संध्याकाळी चार्जिंगला लावताना मत्तयाच्या २५व्या अध्यायातल्या दहा कुमारिका आठवतात. तेल आधीच भरलेले बरे.

चढावरच्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी रविवारी वाट पाहते. प्रभो, तिच्या दारापर्यंत मला पोहोचव. आमेन.