फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्त

संपादकांनी ‘पहिला भारतीय चित्रपट’ या विषयावर लेख मागितला. मी कळवलं की दिग्दर्शक फाळक्यांवर पुष्कळ लिहून झालंय, मी प्रेक्षक फाळक्यांवर लिहितो. चित्रपटाचा इतिहास शिकवताना मला सतत जाणवतं की पडद्याकडे बघणाऱ्या माणसाची दखल आपण फार कमी घेतो.

गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना आपल्याला राम-कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली, असं दादासाहेबांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवलंय. ही हकिगत आता साक्षात्काराची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ते मला पटत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं चाळिशी गाठली होती. तो जे. जे. कलाशाळेत शिकला होता, छायाचित्रं काढत होता, छपाईचे ठसे बनवत होता, जादूचे प्रयोग करत होता. त्यानं पुन्हा तिकीट काढून तोच खेळ परत पाहिला. भारावलेला माणूस एवढं करतोच, पण ‘हे कसं केलं असेल’ या प्रश्नानं पछाडलेला कारागीरही तेच करतो.

आता माझा आवडता वाद. हा चित्रपट नेमका कोणता? अनेक ठिकाणी अ‍ॅलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेचं नाव येतं. तिनं १९०६ साली गोमाँ कंपनीसाठी पंचवीस देखाव्यांचा ख्रिस्तपट केला, त्याचा शेवट पुनरुत्थानावर होतो. दुसरा दावेदार पाथे कंपनीचा, फर्डिनांड झेका यांचा. त्यात ख्रिस्त पाण्यावरून चालतो आणि शेवटी स्वर्गात जातो. माझा कौल पाथेला. या कंपनीनं १९०७ मध्येच भारतात कचेरी उघडली होती, त्यामुळे तिचा माल इथे सहज पोचत होता. शिवाय पाथेच्या प्रती रंगीत मिळत. प्रत्येक रंगासाठी फिल्मच्या एकेका चौकटीत नेमका तेवढाच भाग कापून साचा करायचा आणि त्यातून रंग भरायचा. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या, तरी अर्ध्या तासाला जवळपास एकोणतीस हजार भरतात! तीन रंगी छपाई जाणणाऱ्या फाळक्यांची नजर त्या झग्यांच्या रंगावर खिळली नसेल, हे मी मानायला तयार नाही. तारखेचाही घोळ आहे. फाळके स्वतः १९१० सांगतात, दुसरी हकिगत १९११ च्या ईस्टरची आहे. एका चरित्रावरून दुसरं चरित्र लिहिण्याऐवजी त्या दोन वर्षांतल्या मुंबईच्या वर्तमानपत्रांमधल्या जाहिराती कुणी नीट चाळाव्यात, असं मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

हे सगळं पुन्हा उकरायला कारण घडलं ते गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीजवळच्या एका गावात. गेल्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत आम्ही तिथे पाथेचा ख्रिस्तपट दाखवला, साथीला तिकडच्या झाडीपट्टी नाटकांतला एक ऑर्गनवादक. शहरातल्या मित्रांनी आधीच बजावलं होतं, लोकांना कळणार नाही, उगाच धर्मावरून बोभाटा होईल. तसं काही झालं नाही. दिवाळीनंतर जवळच्या वडशाहून निघणाऱ्या मंडळ्यांची नाटकं रात्रभर बसून पाहणारे हे लोक. रंगवलेला पडदा आणि समोर पायापासून डोक्यापर्यंत दिसणारी पात्रं, ही मांडणी त्यांच्या घरची. क्रूस उभा राहिला तेव्हा दंडार या लोकनाट्यात आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, “याची माय कुठी आहे?” आणि पडद्यावर बोट नेऊन क्रूसाच्या पायथ्याशी मेरी त्यानंच शोधून काढली.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. त्या काळचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून असे. चेहरा क्वचितच जवळ आणून दाखवी, त्यामुळे कुणाकडे बघायचं हे प्रेक्षकच ठरवी. मेल गिब्सन यांच्या २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये ती मोकळीक फार कमी उरते. जखम इतकी जवळ येते की आई शोधायला डोळा मोकळा राहत नाही. त्या चित्रपटानं हेलावून गेलेल्या माणसांचा मला आदर आहे, पण त्यात माझी तरी नजर जखडली जाते.

फाळक्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आला हे खरं, पण त्यांनी आधी केला तो ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. मला यातच त्यांचं खरं उत्तर दिसतं. निरपराध माणसाचा छळ, सत्यापायी सर्वस्वाचा त्याग, मेलेला मुलगा रोहिदास पुन्हा उठणं: क्रूसाच्या कथेला जाऊन भिडेल अशी आपल्याकडची गोष्ट त्यांनी निवडली. फरक एवढाच की तिथे राजा एकटा सोसत नाही. चित्रपटाचे जे तुकडे आज उरलेत, त्यांत सुरुवातीला हरिश्चंद्र मुलाला धनुष्यबाण शिकवतोय आणि तारामती जवळ उभी आहे. तारामती साळुंके नावाच्या पुरुष नटानं केली, कारण बायका मिळाल्या नाहीत. तरी फाळक्यांनी तिला कथेतून कमी केलं नाही. क्रूसाच्या पायथ्याशी कोपऱ्यात राहिलेली बाई आमच्या म्हाताऱ्याप्रमाणे त्यांनीही शोधली असावी, असं मला आता वाटतं. येत्या मंडईत हरिश्चंद्राचे उरलेले तुकडे त्याच गावात दाखवणार आहोत, आणि मी पडद्याकडे पाठ करून बसणार आहे.