परमुलखी जाताना चार शब्द

मंडळी, पाहुण्याच्या गावी आपण रिकाम्या हातानं जात नाही. मग परमुलखी जाताना तिथल्या बोलीतले चार शब्द का नेऊ नयेत?

आम्ही पनवेलकडचे आगरी. माझ्या भाच्याला बोटीवर, भटारखान्यात काम मिळालं. बोट जाणार कॅरिबियन समुद्रातल्या आरुबा आणि कुरासाव बेटांना. तिथली बोली पापियामेंतो. निघण्याआधी रोज रात्री जेवणं उरकली की तो शब्द घोकायचा आणि घरातली पोरं त्याच्यामागे म्हणायची. सकाळी भेटलं की 'बोन दिया'. कसं काय चाललंय, तर 'कोन ता बाय?' आभार मानायला 'दांकी', निरोपाला 'आयो'. पाव म्हणजे 'पान', चावी म्हणजे 'याबी' आणि बटाटा म्हणजे चक्क 'बाताता'! आमची म्हातारी म्हणाली, "मग परकी कसली रे ही?"

म्हातारीचं काही चुकलं नाही. पाव, चावी, बटाटा हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. पापियामेंतोही पोर्तुगीज आणि स्पॅनिश शब्दांवरच उभी आहे. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी धन्यांच्या शब्दांतून ती घडवली. 'दांकी' मात्र डचांचा.

तितकं लांब कशाला? आपल्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. १७४० साली पोर्तुगीज तिथून गेले, पण गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीजातून घडलेली आपली बोली घराघरांत जपली. आजही हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात. तिला ती म्हणतात 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा.

अशा बोलींना शिकलेले लोक 'मोडकी भाषा' म्हणत आले. आमच्या आगरीलाही हसतात. भाचा तर शाळेत असल्यापासून चारचौघांत ती बोलायला लाजायचा. पण पापियामेंतोला आरुबानं २००३ साली आणि कुरासावनं २००७ साली डच भाषेच्या बरोबरीनं राजभाषेचा मान दिला. हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प बसला होता. आता बंदरावरून फोन आला, की भोवती कुणीही असो, तो आमच्याशी आगरीतच बोलतो.

तेव्हा तुमची पोरं कामाला सुरतेला जावोत की सातासमुद्रापार, तिथले चार शब्द त्यांना आधी शिकवून ठेवा. समोरचा माणूस त्यानं जवळ येतो. आणि घरची बोली मात्र शिदोरीसारखी बरोबर बांधून द्या.