थकवा कोणत्या खिशात?

परवा शनिवारी करडीला मामांकडे गेलो होतो. मामा भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. मी आपलं नेहमीचं रडगाणं लावलं.. रिलीज, नाइट सपोर्ट, झोप नाही वगैरे.

"तुझं चुकलं तर काय होते, बाबू?"

म्हटलं, रोलबॅक मारतो. मामा नुसते हसले. स्फोटकांच्या कारखान्यात गेटवरच खिसे तपासतात. काडेपेटी, लायटर आत नाही म्हणजे नाही.

"पण थकवा कोन्त्या खिशात राह्यते, सांग?"

२४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथले कामगार गेले. थकव्यामुळेच झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये. मामा त्या शुक्रवारबद्दल बोलतच नाहीत. म्हणाले, "खाट टाकली आहे. झोप आता."

लॅपटॉप बॅगेतच राहिला.