सान लुकाच्या कमानींखालीं

इटलींतील बोलोन्या हें शहर कमानींचें आहे. चालणाऱ्यास ऊन वा पाऊस लागूं नये म्हणून घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढें काढून त्यांखालीं खांब व कमानी उभारण्याची चाल तेथें कित्येक शतकें चालत आली आहे. एका वाड्याच्या ओटीवरून दुसऱ्याच्या ओटीवर जावें त्याप्रमाणें अर्धें शहर छत्रीवांचून फिरतां येतें. २०२१ सालीं या कमानींस जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. त्यांतील सर्वांत लांब रांग मात्र शहर सोडून जाते; सारागोत्सा वेशीपासून निघून ती जवळजवळ चार किलोमीटर चालते आणि एका टेंकडीच्या माथ्यावर पोंचते. कमानी ६६६ आहेत असें तेथील लोक सांगतात. आम्ही मोजण्याच्या भरीस पडलों नाहीं. आमच्या वयास श्वास मोजणें पुरेसें होतें.

माथ्यावर मेरीमातेचें देऊळ आहे. तेथील चित्र संत ल्यूकनें स्वहस्तें काढलें अशी श्रद्धा असल्यामुळें देवळास व टेंकडीच्या वाटेस सान लुका हेंच नांव पडलें. हा ल्यूक व्यवसायानें वैद्य होता असें ख्रिस्ती परंपरा सांगते. १४३३ सालीं अतिवृष्टीनें पिकें बुडूं लागलीं, तेव्हां तें चित्र मिरवीत शहरांत आणलें आणि पाऊस थांबला अशी कथा आहे; आजही दर वर्षीं तें पालखीसारखें थाटानें खालीं उतरतें. आपल्याकडे पाऊस यावा म्हणून देव पाण्यांत ठेवतात, तेथें तो थांबावा म्हणून देवीस घराबाहेर काढलें, एवढाच भेद! तिची वाट छायेची व्हावी म्हणून १६७४ सालीं कमानींचें काम सुरू झालें. ऐपतदारांनीं एकेक कमान बांधून दिली; ज्यांची ऐपत नव्हती त्यांनीं रांग धरून सामान हातोहात टेंकडीवर पोंचविलें.

मेलोन्चेल्लो नांवाच्या कमानीपाशीं सपाटी संपते व खरा चढ लागतो. तो सुमारें दोन किलोमीटरांचा आहे. सरासरीनें शंभर हातांस दहा हात उंची चढावी लागते आणि मध्यें 'अनाथ मुलींचें वळण' म्हणून जागा आहे तेथें तर याच्या दीडपटीहून अधिक. कमानी व गाडीरस्ता एकमेकांस लगटून वर जातात. या रस्त्यावरून सायकलींच्या शर्यती नेतात, आणि आम्ही तेथें गेलों तेंही देवदर्शनापेक्षां या रस्त्याकरितांच. धाकट्या चिरंजीवांचें बिऱ्हाड मिलानला आहे. तिकडे जातांना वडील चिरंजीवांचा मुलगा आमच्याबरोबर होता. वय एकोणीस. गेल्या पावसाळ्यांत घाट उतरतांना त्याची सायकल घसरली, गळ्याखालीं खांद्यापर्यंत आडवें जाणारें डावें हाड मोडलें, व शस्त्रक्रिया करून त्यावर धातूची पट्टी बसवावी लागली. चार महिने तो घरांत पिंजऱ्यांतल्या वाघासारखा येरझारा घालीत होता. डॉक्टरांनीं आतां सायकलची परवानगी दिली होती. त्याच्या आईनें दिली नव्हती. "मामंजी, तुमच्यावर सोंपवतें," एवढेंच सूनबाई निघतांना म्हणाल्या, आणि असें सोंपविलेलें ओझें फार जड असतें.

या चढाची कीर्ति आमच्या नातवाच्या तोंडून आम्हीं प्रथम ऐकली. १९५६ सालच्या इटलीच्या प्रदक्षिणेंत फिओरेंझो मान्यी नांवाचा स्वार होता. ही प्रदक्षिणा त्यानें पूर्वीं तीनदां जिंकलेली. वय पस्तिशीचें, आणि शर्यतींतून निवृत्त होण्याचें तेंच वर्ष. व्होल्टेरानजीक एका उतारावर तो पडला व त्याचें डावें गळ्याचें हाड मोडलें. शर्यत सोडावी असा वैद्यांचा सल्ला त्यानें मानला नाहीं. पुढें सान लुकाच्या चढावर प्रत्येकानें एकट्यानें घड्याळाशीं झुंजण्याचा दिवस आला. चढावर हातांनीं दांडी खेंचल्याशिवाय पायांस जोर येत नाहीं, आणि याचा डावा हात तर निकामी. तेव्हां त्याच्या कारागिरानें चाकाच्या आंतील रबरी नळी कापून तिचें एक टोंक दांडीस बांधलें, दुसरें मान्यीनें दांतांत धरलें, आणि दांतांनीं दांडी ओढीत तो ही टेंकडी चढला! त्या प्रसंगाचें छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. पुढें रापाल्लोच्या वाटेवर तो पुनः पडला, कारण डाव्या हातानें ब्रेक दाबतां येईना; त्या वेळीं दंडाचेंही हाड मोडलें. रुग्णवाहिकेंत घातलें असतां शुद्धीवर येतांच त्यानें ती थांबवविली व परत सायकलवर चढला. बोन्दोने पर्वतावर बर्फाचें वादळ झालें, निम्मे स्वार गळाले, परंतु हा टिकला. लक्झेंबुर्गचा शार्ली गोल जिंकला आणि मान्यी सुमारें साडेतीन मिनिटांच्या अंतरानें दुसरा आला.

हें सांगतांना नातवाचे डोळे चमकत होते. आम्हांसही कौतुक वाटलें. परंतु त्यास आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, दुसरें हाड कां मोडलें तेंही ध्यानांत ठेव. छायाचित्र पहिल्याचें निघालें, दुसऱ्याचें नाहीं.

हें हाड मोठें विलक्षण आहे. हातास धडाशीं जोडणारा हाडाचा दुवा हा एकच. बाकीचा सारा आधार स्नायूंचा. गर्भांत सर्वांच्या आधीं कठीण होऊं लागतें तें हेंच, आणि पुरें पक्कें होण्यास पंचविशीपर्यंत वेळ घेतें तेंही हेंच. तें मोडलें म्हणजे हाताच्या भारानें बाहेरचा तुकडा खालीं लोंबतो व मानेचा स्नायु आंतल्या तुकड्यास वर ओढतो. सुश्रुत यास अक्षक म्हणतो. शेक देऊन, वर आलेलें अक्षक मुसळानें खालीं दाबावें, खालीं गेलेलें मुसळानें वर उचलावें, मग घट्ट बांधावें, असें त्याच्या चिकित्सास्थानांत आहे. मुसळ वाचून कोणास हंसूं येईल. परंतु नातवाचें क्ष-किरणांचें चित्र पाहिलें तेव्हां त्यांत नेमका एक तुकडा वर व दुसरा खालीं होता. बांधण्यास मोह, उंबर, पिंपळ, पळस व वड यांच्या साली सांगितल्या आहेत. बंध थंडींत सात दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं सोडून पुनः बांधावयाचा. तरुणाचें हाड एका महिन्यांत सांधेल, मध्यम वयांत दुप्पट काळ लागेल, उतारवयांत तिप्पट. ग्रीक वैद्य हिपोक्रातेसच्या नांवावरील सांध्यांच्या ग्रंथांत तर याहून मार्मिक निरीक्षण आहे: हें हाड मोडलेला रोगी आरंभीं फार घाबरतो, पण चालतां-जेवतां येतें असें पाहून लवकरच बेफिकीर होतो. अडीच हजार वर्षांपूर्वींचा हा ग्रीक आमच्या माजघरांत येऊन गेला होता काय, असें आम्हांस वाटलें!

बोलोन्यास या विद्येचें वावडें नाहीं. शहराच्या दक्षिणेस दुसऱ्या टेंकडीवर एका जुन्या मठांत १८९६ पासून रित्सोली हें हाडांचें प्रसिद्ध रुग्णालय आहे. येथील विद्यापीठांतील तालियाकोत्सी यानें कापलेलें नाक दंडाच्या कातड्यानें पुनः करण्याची रीति १५९७ सालीं ग्रंथरूपानें छापिली. तींत रोग्याचा हात डोक्याशीं कित्येक दिवस बांधून ठेवावा लागे. पुण्यास एका कारागिरानें कपाळाच्या कातड्यानें केलेल्या नाकाची हकीकत १७९४ सालीं लंडनच्या मासिकांत आली, तिनें युरोपांत ही विद्या पुनः जागी केली. पण तो विषय निराळा.

आजही या हाडाचे बहुतेक रोगी झोळींत हात घालूनच बरे होतात. तुकडे फार सरकले तर शस्त्रक्रिया करून वर पट्टी ठेवतात व ती मळसूत्री खिळ्यांनीं आवळतात. पट्टी हाड सांधीत नाहीं. तुकड्यांस हलूं देत नाहीं, एवढेंच. सांधण्याचें काम हाडालाच करावें लागतें, व त्यास आठवडेच्या आठवडे जातात. ४ एप्रिल २०२४ रोजीं स्पेनच्या बास्क प्रांतांतील शर्यतींत एका उतारावर बरेच स्वार एकदम कोसळले. डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगार्डचें अक्षक व बरगड्या मोडल्या, फुप्फुसास इजा झाली; तो बारा दिवस रुग्णालयांत होता. बेल्जमच्या रेम्को एव्हनपूलचें अक्षक व खांद्याचा फरा मोडला. दोघांवरही शस्त्रक्रिया झाली. ३० जून रोजीं फ्रान्सच्या प्रदक्षिणेचा दुसरा टप्पा याच बोलोन्यास येऊन सान लुका दोनदां चढला. दुसऱ्या खेपेस स्लोव्हेनियाचा ताडेज पोगाचार उसळून सुटला, तेव्हां त्याच्या मागें टिकला तो व्हिंगेगार्ड! पुढें एव्हनपूल व कारापाझ येऊन मिळाले. त्या चौघांत दोघांचीं हाडें तीन महिन्यांपूर्वीं दुभंगलेलीं होतीं. प्रदक्षिणेच्या अखेरीस पोगाचार पहिला, व्हिंगेगार्ड दुसरा व एव्हनपूल तिसरा आला. अशा स्वारांच्या दिमतीस वैद्यांचा ताफा असतो, हें मात्र तरुणांस सोयीस्करपणें आठवत नाहीं.

मेलोन्चेल्लोपाशीं नातवानें विचारलें, "आजोबा, चढूं का?" भाड्याची सायकल त्यानें आधींच धरून ठेविली होती. आम्हीं क्षणभर विचार केला. मान्यी उतारावर पडला, बास्क प्रांतांतले उतारावर पडले, आणि हाही घाट उतरतांनाच. चढणाऱ्यास वेग कोठून येणार? "चढ," आम्हीं म्हटलें, "पण खालीं येतांना सायकल हातांत धरून, आमच्याबरोबर." त्याचें तोंड उतरलें, पण मान हालली.

आम्ही कमानींखालून निघालों. खांबांमधून तो मधूनच दिसे, मधूनच नाहींसा होई. अनाथ मुलींच्या वळणावर तो खालीं उतरून उभा होता. आमच्या छातींत धस्स झालें. खांदा? नव्हे, दम लागला होता. पुनः बसला व माथ्यावर आमच्या बऱ्याच आधीं पोंचला. सदरा घामानें चिकटून पट्टीची उभारी कॉलरखालीं दिसत होती. देवळांत त्यानें नमस्कार केला तो दोन्ही हात सारखे उंच करून. तो हात तितका वर गेलेला आम्हीं चार महिन्यांत प्रथम पाहिला.

येतांना तो कबूल केल्याप्रमाणें चालत आला. त्याच रात्रीं सूनबाईंस दूरध्वनीवर सर्व सांगितलें. पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं येईना.

"उतरतांना चालत ना?" त्यांनीं विचारलें.

"चालत."