पाटी आणि कुलूप

दान गुप्त असावे, असे वाडवडील सांगत आले. त्या सांगण्यात देणाऱ्याच्या अहंकाराला आवर घालण्याचा हेतू जितका आहे, तितकीच घेणाऱ्याच्या मानाची जपणूकही आहे. पूर्वी ही गुप्तता संस्थेच्या लोखंडी कपाटात आणि एखाद्या विश्वासू कारकुनाच्या मौनात सुरक्षित असे. आता अर्ज संगणकावर येतात आणि याद्या सर्व्हरवर राहतात. यंत्र मात्र सांगितल्यावाचून मौन पाळत नाही.

एका विद्यार्थी वसतिगृहाचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला याचा प्रत्यय आला. शुल्कसाहाय्य मागणाऱ्या मुलांची यादी समितीपुरती म्हणून तेथे ठेवलेली होती. नाव, पालकांचे उत्पन्न आणि ‘कारण’ या रकान्यात कुठे वडिलांचे आजारपण, कुठे बंद पडलेले दुकान. बाईंनी काळजी व्यक्त करताच एका विश्वस्तांनी विचारले, “बाई, त्या पानाचा दुवा आपण कुठेच दिलेला नाही; मग तिथे जाणार कोण?”

बाईंनी उत्तर दिले नाही. पत्त्याच्या शेवटचे फाइलचे नाव खोडून त्यांनी नुसत्या फोल्डरचा पत्ता उघडला. पडद्यावर तीन वर्षांच्या सर्व याद्या ओळीने उभ्या राहिल्या. फोल्डरला स्वतःचे मुखपृष्ठ नसेल आणि तशी मनाई केलेली नसेल, तर सर्व्हर आतील फाइलींची यादी आपणहून मांडून दाखवू शकतो. दुवा नसणे म्हणजे दार बंद असणे नव्हे.

मग कोणीतरी ‘रोबोट्स’ नावाच्या फाइलचा उपाय सुचवला. शोधयंत्रांनी कोणत्या पानांकडे फिरकू नये, हे सांगणारी ही प्रथा मार्टिन कोस्टर यांनी 1994 मध्ये सुचवली. 2022 मध्ये तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले. परंतु ही फाइल म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे, हे त्या मानकातही स्पष्ट केलेले आहे. सभ्य यंत्रे पाटी वाचून परत फिरतात. ज्याचा हेतूच वाईट, त्याला मात्र तीच पाटी आतल्या खोलीचा पत्ता सांगते, कारण ती फाइल कोणालाही वाचता येते.

बाईंनी कुलपाचा मार्ग धरला. फोल्डरची यादी दाखवणे बंद केले, आणि अंतर्गत फाइली सर्व्हर लोकांना दाखवतो त्या जागेतून बाहेर हलवल्या. प्रत्येक सदस्याला स्वतंत्र नाव व पासवर्ड दिला. सर्वांना मिळून एकच पासवर्ड ठेवला, तर कोण आले हे कळत नाही आणि गेलेल्या सदस्याला थांबवताही येत नाही. ओळख केवळ पहिल्या पानावर न तपासता प्रत्येक फाइल मागताना तपासली जाईल, अशी व्यवस्था केली. पासवर्डची साधी पद्धत त्याला गुप्त लिपीत बदलत नाही, केवळ वेगळ्या अक्षरांत मांडते. म्हणून संकेतस्थळाची सारी देवाणघेवाण एचटीटीपीएसनेच होईल, हेही पाहिले.

नकार देण्याचीही रीत असते. 401 म्हणजे आधी ओळख पटवा. 403 म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. पान अस्तित्वात आहे हेसुद्धा कळू द्यायचे नसेल, तर सर्व्हरने 404, म्हणजे ‘सापडले नाही’, असे उत्तर देण्यास मानकाची मुभा आहे.

दार लावल्यावरही एक काम उरले होते. उघड्या काळात शोधयंत्रांनी टिपलेल्या प्रती दार लावताच नाहीशा होत नाहीत. त्या काढून टाकण्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. तीही बाईंनी केली. ज्या प्रती आधीच कोणी उतरवून घेतल्या असतील, त्यांना मात्र उपाय नव्हता.

समितीच्या पुढच्या बैठकीत बाईंनी कुलपांचा हिशेब मांडला आणि शेवटी एकच मागणी केली : निर्णय झाल्यावर ‘कारण’ हा रकाना पुसून टाकावा. विश्वस्तांनी तत्काळ संमती दिली. त्या वर्षापासून यादीत फक्त अर्जाचा क्रमांक आणि मंजूर रक्कम राहते.