मंडळाची जीप, तिचा पंप आणि एक वही



मंडळाची जीप ही आमच्या वस्तीची सामाईक मालमत्ता. २०१६ साली घरटी वर्गणी काढून ती आम्ही जुनी विकत घेतली. डिझेलवर चालणारी, चारही चाकांना ओढ देणारी, चिखलातून व दगडधोंड्यांतून महाड तालुक्यातल्या वरच्या वाड्यांपर्यंत चढणारी. वर्षावासात ग्रंथवाचनाला जाणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, २० मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्या वृद्धांची ने-आण करणे, ही तिची कामे. आम्ही बी.कॉम. झालेलो, कचेरीत कारकुनी करणारे. म्हणून मंडळाची खजिनदारी आमच्याकडे आली. त्या खजिनदारीत आमच्या हातून जी चूक झाली, ती चारचौघांत सांगावी म्हणून हा लेखप्रपंच.

२२ जुलै २०२१ रोजी महाडला महापूर आला. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली व अनेक जीव गेले. आमच्या वस्तीत माणसे वाचली, पण जीप सीटपर्यंत पाण्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही ती धुतली, इंजिनचे ऑइल बदलले, टाकीचा खालचा बोल्ट काढून गढूळ पाणी सोडून दिले व नवे डिझेल भरले. त्यावेळी वस्तीतलाच एक तरुण, आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेला, म्हणाला, "काका, एवढ्याने भागायचं नाही. टाकी उतरवून धुवायला पाहिजे. डिझेल फिल्टर पण टाकून द्या. नाहीतर पंप जाईल."

फिल्टरचा खर्च पाचशे रुपयांच्या आतबाहेर. पण मंडळाच्या पैशातून पूरग्रस्तांना धान्य द्यायचे होते. आम्ही म्हणालो, "पुढच्या महिन्यात बघू." पैसा वाचवला याचे आम्हाला मनातून समाधानही वाटले.

सप्टेंबरात जीप सकाळी लवकर सुरू होईना. चढावर झटके देऊ लागली. तरी आम्ही चालवतच राहिलो. अखेर एके रात्री वरच्या वाडीतल्या एका आजींना धाप लागली म्हणून त्यांना आणायला गेलो. येताना खिंडीतल्या चढावर जीप तीन सिलिंडरवर अडखळली आणि बंद पडली. तरुणाने बॉनेट उघडून हाताच्या प्रायमरने डिझेल चढवून पाहिले. फिल्टरचा स्क्रू सैल करताच डिझेलबरोबर पाण्याचे थेंब आले. तो काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

चादरीची झोळी करून आम्ही चौघांनी आजींना भर पावसात डांबरी रस्त्यापर्यंत आणले. तिथे एक मिनिडोर मिळाली. आजी वाचल्या. पण त्या वाटेवर त्यांचा एकेक श्वास ऐकताना ते पाचशे रुपये आम्हाला आठवत होते.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हा फवारा वेळेवर व नेमक्या मापाने पाठवणे हे पंपाचे काम. आमच्या जीपच्या जुन्या पद्धतीच्या पंपात चार सिलिंडरसाठी चार प्लंजर आहेत. प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यातली फट मिलीमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. माणसाचा केस तिच्यापेक्षा कितीतरी जाड. तिथे वेगळे वंगण नसते, डिझेल हेच वंगण. म्हणून पाणी शिरले की वंगण जाते, गंज धरतो आणि प्लंजर अडकतो. पुराचे पाणी टाकीच्या तळाच्या गाळात दबा धरून होते. भिजलेला जुना फिल्टर ते किती दिवस अडवणार?

पंप उतरवण्यापूर्वी तरुणाने पहिला सिलिंडर टॉपवर आणला, पंपाच्या पट्टीवर आणि इंजिनवर समोरासमोर खूण केली आणि उघड्या नळ्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधली. पंप गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन आम्ही दोघे पनवेलला गेलो. पंप-नोझलवाल्याने तो उघडून दाखवला. प्लंजरवर तांबडा गंज, कॅमही खाल्लेला. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा जुना देऊन तयार केलेला पंप घ्या, असा त्याने सल्ला दिला. नोझलची तपासणी धरून बिल झाले १४,५०० रुपये.

रविवारी वंदनेनंतर बैठक झाली. आम्ही उभे राहून सांगितले, "पोराने सांगितले होते, आम्ही ऐकले नाही. ही रक्कम आम्ही हप्त्याने भरू." सगळे गप्प राहिले. मग त्या आजींची सून उठली. ती चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "भाऊ, पैसे भरून तुम्ही मोकळे व्हाल. पुन्हा असं होऊ नये त्याचं काय? गाडीची वही ठेवा, आणि त्यात काय लिहायचं ते ह्या पोराला ठरवू द्या." निम्मी रक्कम आमच्याकडून व निम्मी मंडळाकडून, असे ठरले.

पंप बसवताना आम्ही शेजारी उभे राहून शिकलो. खुणेला खूण जुळवली. वेळ पुढे गेली तर इंजिन ठोकते, मागे गेली तर धूर सोडते व ताकद जाते. टाकी उतरवून धुतली. फिल्टर नवा, तांब्याचे वायसरही नवे. मग एअर काढली: आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारायचा, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधी धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो आणि जखम बारीक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. जीप सुरू झाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आता वहीत नियम लिहिले आहेत. दर पंधरवड्याला फिल्टरच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बरणीत काढून पाहायचे. पाणी जड, ते खाली बसते. ठरल्या किलोमीटरला फिल्टर बदलायचा. टाकी कोरडी पडू द्यायची नाही. पावसाळ्यात रात्री ती भरलेली ठेवायची, म्हणजे आत दव धरत नाही. बरणी आमच्या घरातली, लोणच्याची. ती देताना सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपण पाणी गाळून पितो, मग गाडीला गाळलेलं नको का?"

शेवटी मनातले एक सांगतो. त्या तरुणाची आई आमच्याकडे येऊन म्हणत असे, "भाऊ, ह्याला तुमच्या ऑफिसात चिकटवा. स्थळवाले मेकॅनिक म्हटलं की नाक मुरडतात." आम्हीही मान हलवत होतो. आता विचार करतो, त्याचे आम्ही का ऐकले नाही? पैशाचे कारण खरे, पण पूर्ण खरे नाही. तो तेलकट हातांचा, आणि आम्ही पदवीवाले! हाताच्या कामावरून माणूस हलका ठरवणाऱ्या व्यवस्थेने आमच्या बापजाद्यांना छळले. तीच खोड आमच्यात खुर्चीच्या रूपाने शिरली होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाचे काम त्याच खात्याकडे होते. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी कारागिराचे म्हणणे उडवून लावावे, हे शोभत नाही. सम्यक आजीव आम्ही वर्षावासात वाचत होतो; त्याचा अर्थ आम्हाला खिंडीत कळला.

त्या मुलाने आता रस्त्यालगत स्वतःचे छोटे गॅरेज टाकले आहे. त्याच्या लग्नाच्या बायोडाटावर आम्ही आमच्या अक्षरात 'डिझेल मेकॅनिक' असे लिहून दिले आहे. आपल्या घरी लेकीसाठी असे स्थळ आले तर नाक मुरडू नका, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!